सातवा रकाना

४ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

आशीर्वाद आधी घे, मग भांडायचं असेल तर भांड. चार वर्षांनी पत्र लिहितेय, तेही बेकरीच्या पत्त्यावर. तीनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. मग आठवलं की तुमच्या बेकरीचा पाव आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात येतो. पाकीट उलटं केलं आणि पत्ता उतरवून घेतला. पाव मात्र घेतला नाही. दुकानदाराने बघितलंच माझ्याकडे, पण मला अशा बघण्याची सवय आहे.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या भावोजींचा गुडघा जिने चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. त्यामुळे ते म्हणतात की आपण नुसते उतरतच राहावं. तुझी भाची नर्सिंगच्या शिक्षणासाठी गेली त्याला वर्ष होईल. वसतिगृहात राहते. आठवड्याला फोन करते आणि जेवलीस का विचारलं की चिडते. तिची खोली आहे तशीच आहे. असो.

मला कळलं की तुझी इमारत विकली गेली आणि नव्या मालकाने सगळ्या भाडेकरूंना नोटीस दिली. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस. जवळजवळ चार वर्षं राहिलास तिथे. ज्याने एकदाही भाडं थकवलं नाही त्यालासुद्धा महिन्याभरात बाहेर काढता येतं, हे आमच्या ऑफिसात मी रोज बघते. पण आपल्या माणसाचं ऐकलं आणि लगेच फोन लावला.

आता खरं सांग. झोपतोस कुठे? ‘मित्राकडे’ असं लिहू नकोस. गेल्या वर्षात मी हे उत्तर दोनेकशे लोकांच्या तोंडून ऐकलंय. मित्राचं नाव विचारलं की ते खाली बघतात. त्यातले निम्मे गाडीत झोपत असतात. तू व्हॅन चालवतोस आणि तिची किल्ली तुझ्याकडेच असते, एवढं मला माहीत आहे. पुढचं मी ताडते. व्हॅनमध्ये पावाचे ट्रे सरकवून झोपणाऱ्या माणसाच्या पाठीचं काय होत असेल तेही ताडते.

तुला माझं काम नेमकं काय हे कधी सांगितलंच नाही. तू विचारलंही नव्हतंस. आमच्या संस्थेच्या कमी भाड्याच्या काही इमारती आहेत, मोजक्या खोल्यांच्या. शिवाय कुणाचं घर जायची वेळ आली की आम्ही आधीच मध्ये पडतो. मालकाशी बोलतो, मुदत वाढवून घेतो, नोटीस कायद्यात बसते का ते बघतो. माणूस एकदा रस्त्यावर आला की त्याला परत घरात नेणं दसपट कठीण, हे आमच्या मोठ्या बाईंचं म्हणजे संचालिकाबाईंचं पालुपद आहे. पण खोल्या थोड्या आणि माणसं उदंड, म्हणून कोण खरा गरजू हे कुणीतरी तपासावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. ऑफिसात मला ‘भिंग’ म्हणतात. समोर नाही म्हणत, पण मला कळतं.

मी घरोघर जाते. दाराशी चपला किती, दोरीवर कपडे कुणाचे, बेसिनपाशी ब्रश किती, हे सगळं बोलता बोलता बघते. एकदा एका माणसाने सांगितलं की मी एकटा राहतो, आणि बेसिनवर दोन ब्रश निघाले. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्याची फाईल महिनाभर अडवली. शेवटी कळलं की दुसऱ्या ब्रशने तो शिलाई मशीन साफ करायचा. अशीही चूक होते. पण दुसऱ्या एका घरात त्यांनी ‘म्हाताऱ्या काकांना ठेवायला जागाच नाही’ म्हणून पलंगावर पोती रचली होती, आणि पोत्यांखाली चादर इतकी ताणून अंथरलेली होती की मला हसू आलं. पोती कुणी चादरीवर ठेवतं का? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय.

तर सांगायचं हे की तुमच्या गावात आमची शाखा आहे. तू तिथे गेला असशील, नसशील. गेला असलास आणि त्यांनी जागा देऊ केली, तर मुकाट्याने घे. कुणी काय सांगितलं, कुणाला काय विचारलं, याच्या खोलात जाऊ नकोस. तुला लहानपणापासून खोलात जायची खोड आहे. रडायला लागलास की गल्ली गोळा करायचास, म्हणून तर भोंग्या नाव पडलं. मोठेपणी आवाज गेला आणि हट्ट राहिला.

मागचं उगाळत नाही. तूही उगाळू नकोस.

तब्येतीला जप. उत्तर दे, दोन ओळींचं का होईना.

तुझी,
ताई

ता. क. शाखेतल्या बाईंनी तुझ्यादेखत कुणाला फोन लावला होता का? सहज विचारते.


१३ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

तुझं उत्तर मिळालं. पावाच्या मागणीच्या चिठ्ठीच्या पाठीवर, पेन्सिलने. ‘लावला होता. स्पीकर चालू होता. मी समोर बसलो होतो.’ खाली ना नाव, ना नमस्कार. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि गॅस बंद करून खुर्चीवर बसले.

म्हणजे तू ऐकलंस.

मग आता लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी मी एका अनोळखी घराच्या जिन्यात होते, कामावरच. फोन आला. ‘आपण यांच्या भगिनी का? सध्याच्या अडचणीत आपण त्यांना तीन महिने आपल्या घरी ठेवून घ्याल का?’ भोंग्या, ते वाक्य माझं आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही अर्ज नव्याने छापला तेव्हा सातवा रकाना मीच लिहून दिला. ‘आपल्या घरी’ हे शब्द मी भांडून घालायला लावले होते, कारण लोक म्हणायचे ‘हो हो, सोय करू’ आणि माणसाला कुठल्यातरी गोदामात नेऊन टाकायचे. माझंच वाक्य दुसरी बाई मला वाचून दाखवत होती. मी म्हणाले, ‘नाही. जमणार नाही.’ तिने कारण विचारलं. मी म्हणाले, ‘जागा नाही.’

आता जे लिहिते ते बाहेर कुणाला सांगायची आम्हाला मनाई आहे. अर्जदाराला नाही, नातेवाइकाला तर मुळीच नाही. सातव्या रकान्यात ‘हो’ आलं की फाईल ‘आधार आहे’ या कपाटात जाते. तिथे धूळ खाते. वर्ष जातं, दीड वर्ष जातं. ‘नाही’ आलं की फाईल पुढे सरकते. नातेवाइकांना हे माहीत नसतं, म्हणून ते मनात असेल ते बोलतात. मला माहीत होतं. मी ‘हो’ म्हणाले असते तर तुला आमच्या घरी तीन महिने मिळाले असते आणि पुढचं घर हातचं गेलं असतं. म्हणून मी नाही म्हणाले. मी संस्थेत काम करते हे त्या बाईला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

त्या बाईने स्पीकर का लावला, हे मला अजून कळत नाही. फोन आतल्या खोलीत जाऊन, कानाला लावून करायचा असतो. तुला ऐकवायचंच होतं का तिला? का आमच्या शाखांमध्ये हल्ली अशीच मजा चालते? मी दोन दिवस याच विचारात होते. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं.

आणि ऐक, प्रकरण तिथे थांबलं नाही. आठ तारखेला पत्र आलं की अकरा तारखेला तुमच्या शाखेची पडताळणीवाली येणार, जागा खरंच नाही ना ते बघायला. हा नियमही माझाच. आठ वर्षं मी लोकांच्या घरात जे करत आले, ते आता माझ्या घरात होणार होतं.

खोली तर रिकामी. पोरीचा पलंग, पोरीचं टेबल, बाकी नुसता उजेड. मी भावोजींना म्हटलं, बोळातलं लोखंडी कपाट आत सरकवू. ते म्हणाले, ‘माझा गुडघा.’ मी म्हटलं, ‘गुडघ्याने नाही, हातांनी ढकला.’ दोघांनी मिळून ढकललं. फरशीवर असा आवाज झाला की खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या. मग पलंगावरची गादी गुंडाळली. हो, चादर आधी काढली, तेवढी अक्कल मला आहे. तीन खोकी रचली, इस्त्रीचं टेबल आडवं लावलं, बंद पडलेला पंखा आणून ठेवला. पाय ठेवायला जागा उरली नाही.

भावोजी खोक्यावर टेकले. घाम पुसला. आणि मला म्हणाले, ‘एक विचारू? हे त्याला घर मिळावं म्हणून चाललंय, की तो इथे येऊ नये म्हणून?’

मी म्हटलं, ‘दोन्ही एकच झालं.’

‘एक नाही झालं,’ ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. तुझे भावोजी वर्षातून दोनदा बोलतात, पण वेळ बघून बोलतात.

पडताळणीवाली मुलगी आली ती आपल्या पोरीच्याच वयाची. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. बूट दाराशी काढले, ओढणीने कपाळ टिपलं आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. मी मनात म्हटलं, शाबास. घरात गेलं की पाणी मागायचं, म्हणजे स्वयंपाकघर बघायला मिळतं, ही युक्ती प्रशिक्षणात मीच सांगते. कुणाकडून तरी तिच्यापर्यंत पोचली असणार. मी पाणी दिलं. ती पेला हातात धरून इकडेतिकडे बघत होती आणि मी तिच्या नजरेमागून बघत होते. माझंच घर मला पहिल्यांदा दिसलं.

खोलीच्या दारात ती थांबली. खोकी बघितली, पंखा बघितला. ‘ताई, एवढं सामान?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘वाढत जातं हो.’ मग ती बोळातून परत निघाली आणि तिथे तिची नजर भिंतीवर गेली. भोंग्या, कपाट जिथे उभं होतं तिथे भिंतीचा चौकोन स्वच्छ फिकट होता. खाली फरशीवर चार पायांचे चार गोल डाग, आणि तिथपासून खोलीपर्यंत ओरखडे. हे मी कसं विसरले? दुसऱ्याच्या घरात मी ते पहिल्या मिनिटात पाहिलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वहीत दोन ओळी लिहिल्या, आभार मानले आणि गेली. त्या दोन ओळी काय असतील, हा विचार जेवतानाही सुटत नाही. खोटं सापडलं तर तुझी फाईल बाद होईल. तुझ्या हातचं घर माझ्या कपाटापायी जाईल, या भीतीने मला घेरलंय.

पण तू एवढं लक्षात ठेव. मी नाही म्हणाले ते तुला उघड्यावर टाकायला नाही. तुला कायमचं छप्पर मिळावं म्हणून म्हणाले. एवढं तुला पटलं तरी पुष्कळ झालं.

तुझ्या भल्याचंच बघणारी,
ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय भावा,

आज नेहमीची हाक मारवत नाही, म्हणून ही.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. या वेळी कागद मोठा होता. जागा मिळाली, दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. शुक्रवारी चारच्या आत सही करून किल्ली घ्यायची, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. हे वाचून मी मोठ्याने ‘मिळाली!’ म्हणाले. मग पुढच्या ओळी वाचल्या. ‘सही केलेली नाही. एकच विचारतो. तो नियम नसता, तर फोनवर तू काय म्हणाली असतीस? खोट्यावर मिळालेलं घर मला नको.’

मी लगेच उत्तर लिहायला बसले. लिहिलं, ‘अरे वेड्या, हो म्हणाले असते, हे काय विचारणं झालं?’ पानभर लिहिलं. मग सवयीने ते पान असं वाचलं जसं मी लोकांचे अर्ज वाचते. पहिल्या ओळीपासून खोटं दिसलं. ज्याच्याकडे खरं उत्तर असतं तो पानभर लिहीत नाही. फाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलं, जरा कमी शब्दांत. तेही फाडलं.

तर ऐक. नियम नसता तरी मी नाहीच म्हणाले असते.

फोन आला तेव्हा ‘नाही’ माझ्या तोंडातून आधी निघालं. फाईल, कपाट, नियम, हे सगळं मला जिना उतरताना आठवलं. ते आठवल्यावर माझा जीव भांड्यात पडला, कारण माझ्या ‘नाही’ला एक चांगलंसं कारण मिळालं होतं. तेच कारण मी मागच्या पत्रात तुला ऐटीत ऐकवलं. भावोजींनी खोक्यावर बसून जे विचारलं त्याचं उत्तर त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

मागचं उगाळत नाही असं मी लिहिलं होतं. आता उगाळते, कारण त्यातलं एकही वाक्य मी तुझ्याशी कधी बोललेले नाही.

तुझा संसार मोडला आणि तू आमच्याकडे आलास. कामापासून दूर पडत होतास, तरी पहाटे उठून पहिल्या बसने जायचास. त्या पाच महिन्यांत तू कधी आवाज चढवला नाहीस, ताटात काही टाकलं नाहीस, स्वतःचा पेला स्वतः धुवायचास. आणि मी तो पेला नंतर नाकाला लावून बघायचे. तू पितोस असं माझ्या मनाने घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, काही दिसलंही नव्हतं. एवढं दुःख झालेला माणूस पीत नाही म्हणजे काय, लपूनच पीत असणार, असा माझा हिशोब. तू बाहेरून आलास की मी घड्याळ बघायचे. तू खोकलास की मी कान द्यायचे. तुझी चादर झटकताना उशीखाली हात घालायचे. दिवसभर लोकांच्या घरात जे करायचे तेच संध्याकाळी माझ्या भावावर करत होते, आणि त्याला काळजी म्हणत होते.

मग तो रविवार. तू अंघोळीला गेलास आणि मी तुझी पिशवी पलंगावर रिकामी केली. दोन शर्ट, दाढीचं सामान, एक स्वेटर, आणि वर्तमानपत्रातून कापलेल्या ‘खोली भाड्याने देणे’च्या जाहिराती, टाचणी लावून. प्रत्येकीवर पेन्सिलने फुली. म्हणजे तू एकेक घर बघत होतास, आणि एकेक घर तुला नाही म्हणत होतं. मी ते हातात धरून उभी, आणि तू दारात, डोक्यावर टॉवेल. माझ्यासमोर ते सगळं पुन्हा घडी घालून भरलंस. शर्टाची कॉलर नीट केलीस. न जेवता गेलास. भावोजी बस थांब्यापर्यंत आले होते, मी नाही आले.

माझं चुकलं. चार वर्षं हे दोन शब्द मला लिहिता आले नाहीत. मला माफ कर म्हणत नाही, ते तुझ्या मनावर आहे. पण माझं चुकलं.

आणि म्हणूनच ‘नाही’ होतं. तू नको होतास म्हणून नव्हे. तू त्या खोलीत आलास की मी पुन्हा तशीच वागेन, याची मला पुरेपूर खात्री होती. मला या जगात सगळ्यांचा संशय येतो, पण इतकी खात्री फक्त माझ्याबद्दलच आहे.

आता तुझ्या मुद्द्याचं. खोट्यावर घर नको म्हणतोस, तर मी काय केलं ते वाच. परवा मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि दार लावून सगळं सांगितलं. मी तुझी बहीण, फोन मला आला, मी लपवलं, कपाट हलवलं, वर तुला नियमही सांगून बसले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला की ऑफिसात लोक खुर्च्या सरकवतात.

‘घरात जागा होती?’ त्यांनी विचारलं.

‘होती.’

‘ठेवून घ्यायची इच्छा होती?’

‘नव्हती,’ मी म्हणाले.

‘सातव्या रकान्यात आपण काय विचारतो? जागा आहे का, की ठेवून घ्याल का?’

‘ठेवून घ्याल का.’

‘मग फाईल खरी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘कपाट खोटं होतं. त्याचं आपण वेगळं बघू. हे सगळं लिहून द्या.’

मी लिहून दिलं, खाली सही केली. ते पान तुझ्या फाईलला जोडलं आहे. त्यांनी तुमच्या शाखेत स्वतः फोन करून जागा कायम असल्याची खात्री करून घेतली. स्पीकरचंही तेव्हाच कळलं. त्या बाईच्या फोनचा कानाचा भाग तीन महिने बिघडलाय आणि दुरुस्तीचा अर्ज पडून आहे. मी मात्र त्या बिचारीवर आठवडाभर डूख धरून होते. आणि पडताळणीवाल्या मुलीच्या दोन ओळीही मला वाचायला मिळाल्या. ‘खोली सामानाने भरलेली. कपाट नुकतंच हलवलेलं दिसतं, कारण विचारलं नाही, बाई फार घाबरलेल्या होत्या.’ मी कधी कुणाबद्दल अशी ओळ लिहिली असेल का, ते आठवत बसले. आठवेना.

मला पडताळणीवरून काढलं आहे. आता मी दुरुस्तीच्या खिडकीवर बसते. भाडेकरू येऊन सांगतात, नळ गळतो, दार घासतं, बल्ब लागत नाही. मी लिहून घेते आणि माणूस पाठवते. पहिल्या दिवशी एका आजोबांना मी विचारलं, ‘नळ नक्की गळतो ना?’ ते म्हणाले, ‘नाही बाई, मला तुम्हाला भेटायचं होतं.’ खिडकीतले सगळे हसले, मीसुद्धा. जमेल हळूहळू.

भोंग्या, हे घर तुला माझ्या खोट्यावर मिळालेलं नाही. माझ्या खऱ्यावर मिळालंय, आणि ते खरं काही कौतुकाचं नाही, पण खरं आहे. तुला बहिणीचं घर नव्हतं. फाईलमध्ये तेच लिहिलंय. तू त्या जागेचा पुरा हकदार आहेस. घे ती. चार वर्षं भाडं न थकवलेल्या माणसाने पावाच्या ट्रेमध्ये झोपायचं नाही. आणि स्वतःच्या दाराला आतून कडी लावून झोपायला लागलास की मग कधीतरी मला बोलाव. आपल्या दोघांमध्ये तुझ्या घराचा एक उंबरा असू दे. मला वाटतं, तो असला की मी बरी वागेन. नाही वागले तर दाराबाहेर काढ, घर तुझंच असेल.

शुक्रवारी चार वाजता यादीत तुझ्या क्रमांकासमोर एकतर खूण पडेल किंवा खालचा माणूस वर येईल. यादी आमच्याही ऑफिसात दिसते. माझ्या खिडकीपासून चार पावलांवर संगणक आहे, तुझा क्रमांक मला पाठ आहे, आणि बघू नको असं मला कुणीही सांगितलेलं नाही.

मी बघणार नाही. शुक्रवारी नाही, सोमवारी नाही, कधीच नाही. शाखेत फोन करून विचारणार नाही, भावोजींनाही विचारायला लावणार नाही. तू कळवलंस तर कळेल. नाही कळवलंस तर तू कुठे झोपतोस हे माहीत नसताना मला रोज झोपावं लागेल, आणि तू जे काही सांगशील त्यावर, पहिल्यांदाच, तसाच्या तसा विश्वास ठेवेन.

न तपासता वाट बघणारी,
तुझी ताई